नार्नूरचा जपानी गेम

राजू,

परवा तुझं जलदान झालं. भन्तेजींनी परित्राण म्हटलं, माणसं जेवली, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. तुझे दाजी आमच्या पल्लवीला घेऊन उटनूरला परतले, दहावीचं वर्ष, तिची शाळा बुडत होती. मी नोकरीवर रजा टाकून राहिले. सुजाताला एकटं सोडवेना.

आम्ही दोघी तुझ्या पुढच्या खोलीत आहोत. खोक्यांच्या मधे जिथं जागा मिळाली तिथं टेकलो आहोत. जैनथच्या या एवढ्याशा घरात चांगली हवेशीर खोली एकच, आणि ती तू टीव्ही गेमांना दिलीस. पिवळे पडलेले सेट, बिस्किटांच्या डब्यांत रचलेल्या कॅसेटा, भिंतीवर खिळ्याला अडकवलेले रिमोट, वायरींची वेटोळी, दोन प्लास्टिकच्या बंदुका. आणि त्या बंदुका नव्या टीव्हीवर चालत नाहीत म्हणून ठेवलेला तो ढोल्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही. मयतीला आलेली माणसं त्याला वळसा घालून आत येत होती. तुला अंथरूण टाकायलासुद्धा आधी बंदुका उचलाव्या लागल्या. त्या मी उचलल्या, आणि कुठं ठेवायच्या ते कळेना म्हणून बराच वेळ तशाच हातात धरून उभी राहिले.

जुने गेम विकत घेणाऱ्या नागपूरच्या त्या माणसाचा फोन तू गेल्यावर तिसऱ्याच दिवशी आला. आधी म्हणाला, “फार वाईट झालं.” मग म्हणाला, “वहिनी, घाई नाही, पण सामान दुसऱ्या कुणाला देऊ नका. तो जपानी सेट तर बिलकूल वेगळा काढू नका.” सुजातानं फोन माझ्या हातात दिला. मी त्याला सांगितलं की अजून घरात सुतक आहे. आपल्यात सुतक पाळत नाहीत हे त्याला काय माहीत. काल त्याचा पुन्हा फोन आला. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

तेव्हापासून मी त्या जपानी सेटकडे पाहते आहे. पांढरा डबा, तपकिरी पट्टा, दोन्ही बाजूंना खोबणीत बसवलेले दोन रिमोट. तो घरात आला त्या दिवसाचं आपलं भांडण अजून संपलेलं नाही.

तुला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे, मीच साक्षीदार आहे. आपल्या गल्लीत एकाच घरी टीव्ही गेम होता. तिथं दारात उभं राहायला मिळायचं, आत बोलावलं तर एक डाव मिळायचा. तू शाळा सुटली की दप्तर माझ्या अंगावर टाकून तिकडे पळायचास, आणि मी दोन दप्तरं घेऊन घरी यायचे. बाबा शाळेत शिपाई. ते म्हणायचे, “त्या डब्यात काय जीव ठेवला का रे तुनं?” तू म्हणायचास, “हाव.” पुढं मंडल ऑफिसात कारकून लागलास आणि पहिल्या महिन्यातच आदिलाबादच्या एका भंगारवाल्याकडून बंद पडलेला सेट घेऊन आलास. आई म्हणाली, लुगडं आणशील वाटलं होतं. लुगडं तू पुढच्या महिन्यात आणलंस, पण तोवर सेट चालू झालेला होता.

लोक तुला हसायचे. मोठा माणूस, तहसीलचं काम, पहाणीचे उतारे काढून देणारा, आणि रविवारी वाडी-वस्तीवर जाऊन विचारतो, तुमच्या माळ्यावर जुना गेम पडला आहे का. पण तुझं बोलणं ऐकलं की माणसं माळ्यावर चढायचीच. तू मला कितीदा तरी समजावलंस की आपल्याकडे विकले गेले ते सगळे नकली, मूळ जपानी मशीन वेगळी. तिचे रिमोट डब्यालाच जोडलेले असतात, आणि दुसऱ्या रिमोटमध्ये बारीक जाळीमागं माइक असतो. त्यात बोललं की आपला आवाज टीव्हीतून येतो. नकली बनवणाऱ्यांनी तो माइक काढून टाकला. “म्हणजे पायजो ताई,” तू म्हणायचास, “सगळं तसंच ठेवलं, फक्त बोलायची सोय काढली.” ती मशीन आपल्या जिल्ह्यात कुठंतरी असणार, दुबईला गेलेल्या कुणीतरी आणलेली असणार, असं तुला उगाच वाटायचं. उगाच नव्हतं, ते पुढं कळलं.

मग तुझ्या किडन्या गेल्या. बीपी कधीपासून होतं, तू कधी सांगितलं नाहीस, बहुतेक तुलाही माहीत नव्हतं. आठवड्यातून तीनदा आदिलाबादला डायलिसिस. पाणी मोजून, मीठ नाही, केळं नाही, नारळ नाही, डाव्या हातानं वजन उचलायचं नाही कारण त्याच हातात सुया टोचायच्या. सुजातानं सगळं निमूट शिकून घेतलं. मी हैदराबादला जाऊन माझ्या तपासण्या करून आले. डॉक्टर म्हणाले, जुळतंय, बहीण आहात, यापेक्षा चांगलं काय. तुझे दाजी रात्रभर जागे राहिले आणि सकाळी म्हणाले, “दे. तुझा भाऊ हाय.” सगळं झालं होतं, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात तू म्हणालास, “मले नको.”

नुसतं नको. कारण नाही, रडणं नाही, माझ्या डोक्यावर हात ठेवून चार शब्द नाहीत. वर म्हणालास, भूक लागली, इडली खाऊ.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडत होते. फोनवर भांडले, राखीला भांडले, बाबांच्या पुण्यस्मरणाला पाहुण्यांसमोर भांडले. तू ऐकून घ्यायचास आणि मग म्हणायचास, “ताई, उटनूरच्या बाजारात एक पोरगा सांगत होता, त्याच्या मामाकडं बंदूक हाय म्हणून.” मला वाटायचं हा मुद्दाम करतो. त्या बंदुका, त्या वायरी, ही सगळी माझ्या तोंडावर ओढलेली चादर आहे.

भादव्यात एका शनिवारी तू उटनूरला आमच्याकडे आलास. पल्लवीला भेटायला आलो म्हणालास. मला बरं वाटलं. रात्री जेवताना हळूच म्हणालास, “उद्या नार्नूरले जाऊन येतो. दुपारपावेतो वापस.”

मी ताटावरचा हात थांबवला. “काऊन?”

“एक मशीन हाय. फोटो आला माह्याकडं. तेच हाय, ताई. माइकवालं.”

“सोमवारी सकाळी तुही डायलिसिसची पाळी हाय.”

“उद्या रविवार हाय.”

“आभाळ पाह्यलं का? नाले भरून वाहून राह्यले.”

“बस चालू हाय, मी विचारलं.”

 मी सकाळी तुझ्याबरोबर निघाले, कारण तुझ्या डाव्या हातानं तू खोकं उचलशील याची मला खात्री होती.

नार्नूरचे ते केशवराव कापडाचे दुकानदार. त्यांच्या धाकट्या भावानं तो सेट कधीकाळी दुबईहून आणलेला. भाऊ आता तिकडेच असतो, इकडे येत नाही. त्यांनी आपल्याला ओसरीवर बसवलं. नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. तू सांगितलंस, नेहमीसारखं, आवाज वरखाली न करता. ते जरा थांबले. आत पाहिलं. मग म्हणाले, “चहा घ्याल ना?” चहा चांगल्या कपबशीत आला, पण तेवढं थांबणं माझ्या लक्षात राहिलं. तुझा कप मीच प्यायले. मग त्यांच्या बायकोनं दोन ग्लास नारळपाणी आणलं, घरच्या झाडाचं, मोठ्या मायेनं. तू ग्लास हातात घेतलास. मी म्हटलं, “त्याले चालत नाई, डॉक्टरनं बंद केलं हाय.” त्या बाई म्हणाल्या, “नारळपाणी चालत नाई असं कुठी राह्यते काय, आजारी माणसालेच तं देतात.” तू माझ्याकडे न पाहता एक घोट घेतलास, त्यांचं मन मोडू नये म्हणून. मी ग्लास काढून घेतला. 

केशवराव सेट घेऊन आले. खोक्यात, फडक्यात गुंडाळलेला. फडकं सोडलं आणि तुझा चेहरा पाहून मला क्षणभर सगळं विसरायला झालं. तू हात लावला नाहीस. नुसता वाकून पाहत राहिलास.

“चालू हाय का नाई ते पाहून घ्या,” केशवराव म्हणाले, आणि त्यांनी कुठलातरी अडॅप्टर काढून पिन भिंतीच्या बोर्डाकडे नेली.

“काका, थांबा.”

एवढ्या जोरात तुला बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. केशवरावांचा हात तिथंच राहिला. त्यांना राग आला असावा. तू उठून त्यांच्याजवळ गेलास आणि हळू आवाजात सांगितलंस की जपानचा करंट आपल्याहून निम्म्याहून कमी, ही पिन लागली की आतलं सगळं जळून जाईल. “मी घरी नेऊन बरोबरचा अडॅप्टर लावतो. चालू झालं का नाई ते तुमाले फोन करून सांगतो. चालू नाई झालं तरी सांगतो.”

“मंग तुमी तपासल्याशिवाय घेऊन राह्यले काय?”

“हाव.”

केशवराव तुझ्याकडे पाहत राहिले. तुझे सुजलेले पाय, चपलेच्या पट्ट्यातून वर आलेले. हातावरच्या सुयांच्या खुणा. “एवढ्या आजारात याच्यासाठी आले,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. “न्या. माह्या भावाले सांगीन, चांगल्या माणसाकडं गेलं म्हणून.”

खोकं माझ्या मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले, तेव्हा दुपार कलली होती आणि पाऊस सुरू झाला होता. उटनूरच्या अलीकडे, जंगलातल्या नाल्यावरच्या बुटक्या पुलाशी, त्या रपट्याशी, बस थांबली. रपटा दिसत नव्हता. तांबडं पाणी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ वाहत होतं, मधून एक अख्खं झाड गेलं.

“बस पोदम्मा,” कंडक्टर म्हणाला. बस जाणार नाही. कधी जाईल? त्यानं आभाळाकडे बोट केलं.

पहिल्यांदा तू हसलास. म्हणालास, उतरेल पाणी. तासाभरानं तू पुढच्या सीटच्या दांड्यावर डोकं टेकवून बसलास. मला वाटलं झोपलास. मग तुझा श्वास ऐकू आला, आत कुठंतरी पाणी गुळगुळतंय तसा. मी पाठीवर हात ठेवला तर कापड घामानं ओलं. “राजू, किती पाणी पेला तू सकाळपासून?” तू बोटानं सांगितलंस, थोडं. शनिवारपासून तू आमच्या घरी होतास. माझ्या घरचं मीठ, माझ्या घरची भाजी, पल्लवीनं हट्टानं दिलेला ऊस. 

फोनला रेंज बसच्या मागच्या पायरीवर उभं राहिलं की यायची आणि जायची. तशी उभी राहून मी तुझ्या दाजींना सांगितलं की गाडी घेऊन पलीकडच्या काठावर या. ते आले. पाण्यापलीकडे छत्री घेऊन उभे असलेले मला दिसत होते, ऑटो मागं उभा. हाक मारली तर ऐकू जाईना. एवढंच अंतर, आणि मधे ते पाणी. एक ट्रॅक्टरवाला ट्रॉली घेऊन आला होता, पण तो रपट्याच्या कडेचे पांढरे दगड दिसेपर्यंत जाणार नव्हता. आम्ही सगळे ते दगड दिसायची वाट पाहत होतो. बसमधल्या एका म्हातारीनं तुला टेकायला आपलं कपड्यांचं गाठोडं दिलं आणि तिनं पुन्हा मागितलं नाही.

तेव्हा माझा तोल गेला. तुला श्वास पुरत नव्हता, त्या माणसाशी भांडायचं नसतं, हे मला कळत होतं. तरी मी बोलले.

“सांग मले. कोणत्या गावात कोणती वायर पडून हाय हे तुले माहीत राह्यते. एका मशीनचा पार्ट काढून दुसऱ्या मशीनमधी टाकतो, ते चालू झालं की गावभर सांगतो. माह्या पार्टले काय झालं? तो घेताना काय होते तुले?”

तू डोकं वर केलंस. ओठ निळसर झाले होते. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोललास.

“डब्याले पोरगी नसते, ताई.”

 मी म्हटलं, “लोकं देतात, जगतात. दोन असतात देवानं दिलेल्या.” देवाचं नाव घेतलं म्हणून त्या अवस्थेतही तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तू म्हणालास, “तुले काई झालं तं मी पल्लवीच्या तोंडाकडं कसा पाहू?”

“अन् तुले झालं तं मी कोणाकडं पाहू?”

 पलीकडे तुझे दाजी छत्री हलवत होते. दगड दिसायला लागले होते.

ट्रॉलीत आपण उभे राहिलो. एका हातानं मी खोकं धरलं होतं, दुसऱ्यानं तुला. खोकं मला त्या पाण्यात फेकून द्यावंसं वाटत होतं, खरंच. मधोमध आल्यावर इंजिन घरघरलं आणि पाणी ट्रॉलीच्या फळीला लागलं.  ट्रॅक्टरवाला मागं न पाहता तेलुगूत काहीतरी पुटपुटत होता, शिवी होती की प्रार्थना कोण जाणे. मग पुढची चाकं वर चढली.

आदिलाबादपर्यंत ऑटोत तू माझ्या खांद्यावर होतास. दवाखान्यातल्या सिस्टरनं तुला पाहिलं आणि पाळीबिळी काही विचारलं नाही, सरळ आत घेतलं. मी बाहेर बाकावर खोकं मांडीवर घेऊन बसले. कुणीतरी विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, औषध. का म्हटलं ते मलाही कळलं नाही.

तू वाचलास. सकाळी डोळे उघडून पहिलं काय विचारलंस ते सांगायची गरज नाही. मी म्हटलं, “भिजलं नाई.” आणि बाहेर जाऊन रडले.

त्यानंतर मी त्या मशीनचं नाव काढलं नाही, तू किडनीचं. पंधरवड्यानं फोन आला, सगळ्यांना घेऊन ये. आम्ही जैनथला आलो. तू आतला एक कंडेन्सर बदलला होतास, ढोल्या टीव्ही लावला होतास. पल्लवीला पहिला रिमोट दिलास, दुसरा स्वतः घेतलास, आणि त्या जाळीला तोंड लावून म्हणालास, “पल्लवी, गणिताचं पुस्तक उघड.” तुझा आवाज टीव्हीतून आला. फाटलेला, दूरचा, जसा बसस्टँडवरच्या भोंग्यातून येतो. पल्लवी इतकी हसली की तिला ठसका लागला. सुजाता स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कुणी पाहुणा आला. तू केशवरावांना फोन लावून टीव्हीजवळ धरलास, ऐका काका, चालू झालं. त्या दिवशी तुझ्याकडे पाहून मला वाटलं, बरं झालं गेलो. तुझ्याशी इतकी भांडले आणि तरी असं वाटलं. याचा मला राग आला होता, आणि आता त्याच दिवसाचा आधार वाटतो आहे.

तू गेलास तो दिवस साधा होता. पाऊस नव्हता, रस्ता अडलेला नव्हता. डायलिसिस आदल्याच दिवशी झालेलं. ऑफिसला जायला बूट घालत होतास. सुजातानं डबा भरून आणला तेव्हा एक बूट पायात होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, अशा पेशंटांमध्ये होतं असं. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, नार्नूरला गेला होता त्यामुळे का? ते म्हणाले, नाही, त्याला बरेच दिवस झाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. मी मान डोलावली. अर्धा विश्वास बसला आहे. उरलेला कधी बसेल माहीत नाही.

आज सकाळी नागपूरचा फोन पुन्हा आला, रविवारी किती वाजता येऊ विचारायला. या खेपेला सुजातानं फोन मला दिला नाही. ती तुझ्या खुर्चीत बसली होती. तिनं शांतपणे सांगितलं, “रविवारी येऊ नका. मार्चपावेतो मी काईच काढणार नाई. मंग पाहू.” तो काहीतरी बोलत राहिला, तिनं फोन ठेवला.

मी विचारलं, “मार्च काऊन? देणारच असशील तं आता दे, खोली मोकळी होईन. तुले झोपायले जागा नाई इथं.”

ती खोक्याच्या कडेची धूळ बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, “सवय लागली ताई. या घरात सगळं मार्चच्याच हिशेबानं चालू होतं.”

“काय सगळं?”

“त्यायनं हो म्हटलं होतं.”

मला कळलं नाही. ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. नाल्यावरून आलात त्यानंतर आठ दिवसांनी, म्हणाली. रात्रीचं जेवण झालं, तेव्हा तू तिला म्हणालास, “ताईची घेतो. पल्लवीची परीक्षा होऊ दे, मार्च होऊ दे.” हैदराबादच्या डॉक्टरशीही बोललास. ते म्हणाले, तोवर तपासण्या पुन्हा कराव्या लागतील, चालेल. आणि तिला सांगितलंस, ताईला आत्ता बोलू नको.

“मले काऊन नाई सांगितलं?” माझा आवाज चढला होता. “सुजाता, एवढे दिवस काऊन नाई सांगितलं?”

“त्यायनं सांगू नको म्हटलं होतं. तुमी दुसऱ्या दिवशी पयल्या बसनं आल्या असत्या. पोरीचं वर्ष गेलं असतं.” मग तिचा आवाज फुटला. “अन् ते गेल्यावर कोणत्या तोंडानं सांगू, ताई? आता सांगून काय?”

मी तिला जवळ घेतलं. रागानं घेतलं की मायेनं, मला सांगता यायचं नाही. तिचं खरं होतं. मी पहिल्या बसनं आलेच असते. तुला हाताला धरून हैदराबादला नेलं असतं, पल्लवीला म्हटलं असतं, अभ्यास कर, तुझी तू. तू मला ओळखून होतास. पण राजू, तू हरला होतास. त्या रपट्यावर भांडताना मला वाटलं माझं सगळं पाण्यात गेलं, आणि तू आठ दिवसांत हरला होतास. मला सांगितलं नाहीस. मी त्यानंतरही रोज नवीन मुद्दे जमवत होते. आदिलाबादला एक बाई आहेत, भावाला किडनी दिलेल्या, शेतात जातात, तुला दिवाळीत त्यांच्याकडे घेऊन जायचं मी ठरवलं होतं.

आता दुपार होत आली आहे. सुजाता आत भात लावते आहे. मी इथं बसून आपला शेवटचा फोन आठवते आहे, तू जायच्या आदल्या संध्याकाळचा. पल्लवीच्या चाचणीचे मार्क विचारलेस. सोयाबीन कसं आहे ते सांगितलंस, जसं काही आपलं शेत आहे. मग म्हणालास, “ताई, मार्चात तुही हक्काची रजा किती शिल्लक राहीन?”

मी म्हटलं, “काऊन?”

“कुठीतरी जाऊ आपण.”

“पुन्हा गेमसाठी मी येणार नाई राजू. नार्नूरलेच पुरे झालं माह्यं.”

तू हसलास. “गेमसाठी नाई.”

“मंग?”

“ठेव तं खरं.”

मी म्हटलं, बरं बापा, ठेवते. ठेवली आहे, राजू. तुझ्या मयतीला, जलदानालासुद्धा मी किरकोळ रजाच टाकली. हक्काची तशीच आहे, सगळीच्या सगळी.